टँक आधी मुरू द्या, मासे नंतर

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या बिल्डिंगमधे खालच्या मजल्यावर दहावीतला एक पोरगा राहतो, दिवाळीत त्याच्या बाबांनी त्याला दोन फुटी टँक घेऊन दिला. त्यानं दुपारी रेती टाकली, चार झाडं खोचली, नळाचं पाणी भरलं आणि संध्याकाळी सहा निऑन टेट्रा आणि दोन गोल्डफिश आणून सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दारात उभा, डोळ्यात पाणी. "दादा, मासे वर येऊन तोंड उघडझाप करायलेत, दोन तर आडवे पडलेत. पाणी तर एकदम स्वच्छ हाय ओ."

पाणी खरंच काचेसारखं स्वच्छ होतं. पण स्वच्छ दिसणारं पाणी आणि माशाला जगता येईल असं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला मला स्वतःला दोन वर्षं लागली, आणि झाडांचा टँक पहिल्यांदा लावणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय.

तर झालं काय, ते आधी बघू. मासा खातो, विष्ठा टाकतो आणि कल्ल्यातून सतत अमोनिया बाहेर सोडतो. नदीत तो वाहून जातो, पातळ होतो. काचेच्या पेटीत तो कुठं जाणार, तिथंच साठतो. अमोनिया माशाचे कल्ले जाळतो, म्हणून मासा वर येऊन हवा घ्यायला बघतो. आता जुन्या टँकमधे हे का होत नाही? कारण तिथं फिल्टरच्या स्पंजवर, रेतीच्या कणांवर, दगडावर, पानांवर जीवाणूंचा पातळ थर बसलेला असतो. एक प्रकारचे जीवाणू अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात, नायट्राइट पण विषारीच, ते माशाच्या रक्तात जाऊन ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद काढून घेतं. मग दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्याच प्रमाणात मासे सहन करतात आणि झाडं ते खत म्हणून उचलतात. ही साखळी चालू झाली की टँकवाले म्हणतात टँक सायकल झाला. मी म्हणतो टँक मुरला. लोणचं घातल्या दिवशी खाल्लं तर नुसतं मीठ आणि तिखट लागतं, टँकचं पण तसंच.

हे मुरायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात आणि त्याला पैसे देऊन शॉर्टकट फार कमी आहे. एक चांगला शॉर्टकट मात्र आहे आणि तो फुकट आहे. ओळखीतल्या कुणाचा वर्षभर चालू असलेला निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा स्पंज त्याच्याच टँकच्या पाण्यात पिळून ते पाणी आणून आपल्या टँकमधे टाकायचं, किंवा त्याचा अर्धा स्पंजच कापून मागायचा. दिसायला ते घाणेरडं तपकिरी पाणी असतं, पण खरा माल तोच आहे. हे विरजण मिळालं तर काम पुष्कळ लवकर होतं. नाही मिळालं तर रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टँकमधे टाकायचं, ते सडून अमोनिया तयार होतो आणि जीवाणूंना खायला मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं थेंबवालं टेस्ट किट एकदा घेऊनच टाका, दोन्ही आकडे शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की मग मासे.

आता नळाचं पाणी. पालिकेचं पाणी म्हणजे क्लोरीन आलंच, गावाकडं ग्रामपंचायत टाकीत टीसीएल पावडर टाकते तेच ते. जंतू मारायलाच टाकलेलं असतं, मग ते आपल्या टँकमधल्या कामाच्या जीवाणूंना कसं सोडेल. साधं क्लोरीन असेल तर पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवलं की बरंचसं उडून जातं, घाई असेल तर दुकानात अँटी क्लोरीन मिळतं, त्यातले खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ येतं तेव्हा क्लोरीनचा वास नाकाला जाणवतो, त्या दिवसात मी पाणी ठेवतो पण आणि अँटी क्लोरीन पण टाकतो.

पण आपल्या भागात क्लोरीनपेक्षा मोठा प्रश्न क्षारांचा आहे. हे मला माझ्या मामानं शिकवलं, ज्यानं आयुष्यात कधी फिश टँक पाळला नाही. मामाची तासगावकडं द्राक्षबाग आहे. माझा पहिला टँक बघायला आला, झाडं पिवळी पडलेली बघून पहिला प्रश्न, "आरं पाण्याचा रिपोर्ट काढलास का?" मी म्हटलं मामा फिश टँकला कसला रिपोर्ट. तर म्हणाला, "बाग लावायच्या आदी माती न् पाणी तपासतोय की आपण. तू तर नुसतं झाड बघून आणलंस." एवढं बोलून चहा पिऊन गेला, पण मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी टीडीएस मीटर घेतलं, पेनासारखं असतं, पाण्यात बुडवलं की पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवतं. आमच्या नळाचं पाणी २३० आणि बिल्डिंगच्या बोअरचं ११००. मी वर्षभर टँकमधे बोअरचं पाणी भरत होतो, कारण त्यात क्लोरीन नसतं असं ऐकलेलं.

कृष्णाकाठानं उसाला पाणी देऊन देऊन किती जमीन क्षारपड झाली ते इथं कुणाला सांगायला नको. तेच क्षार बोअरच्या पाण्यात येतात. टँकच्या भाषेत दोन आकडे महत्त्वाचे, जीएच आणि केएच. जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती, पाणी जड की हलकं ते यावरून ठरतं. केएच म्हणजे कार्बोनेट किती, बोअरचं पाणी गरम करून करून हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तो यांच्यामुळंच. केएच जास्त असला की पीएच (पाणी आंबट की अल्कली ते सांगणारा आकडा) ८ च्या आसपास अडकून बसतो, काही केलं तरी खाली येत नाही, पीएच कमी करायचं औषध टाकलं की दुसऱ्या दिवशी परत वर. आणि पीएच वर असण्याचा अमोनियाशी थेट संबंध आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपात असतो, एक कमी त्रासाचं आणि एक खरं विषारी. ३० डिग्री पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा १ टक्का पण विषारी रूपात नसतो, पीएच ८ झाला की तेच ७ टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे तेवढीच घाण, पण विष जवळजवळ १० पट. जड पाण्याच्या भागात न मुरलेल्या टँकमधे मासे पटापट का मरतात त्याचं हे मोठं कारण.

उपाय सोपा आहे, नळाचं पाणी वापरा, तेही जड असेल तर आरओचं पाणी मिसळा. निम्मं निम्मं मिसळलं की क्षार साधारण निम्मे होतात, एवढं साधं गणित. नुसतं आरओचं पाणी मात्र भरू नका, त्यात झाडाला आणि माशाला लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळपास नसतंच आणि पीएच कधीही ढासळू शकतो. दुसरा उपाय अजून सोपा, पाण्याला साजेसे मासे घ्या. गप्पी आणि मॉली यांना जड पाणी आवडतं. आरोग्य खातं डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतं ते गप्पी आपल्याला माहीतच आहेत, काटक मासा आहे आणि नर तर रंगानं इतके सुंदर असतात. झेब्रा डॅनिओ पण चालतो, मूळचा आपल्याकडचाच. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या मऊ, आंबट पाण्यातला, त्याला बोअरच्या पाण्यात घालणं बरं नाही. आणि गोल्डफिश झाडांच्या टँकमधे नकोच, तो झाडं उपटतो, कुरतडतो, घाण भरपूर करतो आणि फूटभर वाढू शकतो, दोन फुटात त्याचा जीव कोंडतो.

टँकची जागा ठरवताना वजन लक्षात घ्या. २४ बाय १२ बाय १२ इंचाच्या टँकमधे ५५ लिटरच्या आसपास पाणी बसतं, म्हणजे ५५ किलो, वर काच, माती, दगड धरून ८० किलोच्या घरात जातो. प्लायवूडच्या शोकेसवर ठेवू नका. गवंड्याची लेव्हल लावून बघा, खाली फोमची शीट घाला, नाहीतर एका कोपऱ्यावर ताण येऊन काच तडकते. खिडकीतलं थेट ऊन नको, उन्हाळ्यात पाणी तापतं आणि हिरवंगार होतं.

आता तळ, म्हणजे सबस्ट्रेट. मामाच्या भाषेत जमीन. इथं तीन रस्ते आहेत. पहिला, तयार ॲक्वासॉइल, भाजलेल्या मातीचे बारीक गोळे असतात, त्यात खत असतं आणि पाण्याचा पीएच थोडा खाली ओढतात, महाग पडतं पण झाडं झकास येतात. फक्त पहिले काही आठवडे त्यातून स्वतःहून अमोनिया सुटतो, म्हणून या काळात पाणी जास्त वेळा बदलायचं आणि मासे अजिबात नाही. दुसरा, नुसती जाडसर वाळू आणि मुळाशी खताच्या गोळ्या, स्वस्त आणि बिनघोर, नवख्यानं हाच घ्यावा असं माझं मत. तिसरा, खाली इंचभर चाळलेली माती आणि वर इंच-सव्वा इंच वाळूचं झाकण. हा चांगला चालतो पण रानातली काळी माती आणू नका. ती फुगते, चिकट होते, तिच्यात चुनखडीचे खडे असतात आणि एकदा ढवळली की पाणी आठवडाभर चहासारखं. वर रानात टाकलेली खतं आणि औषधं आलीच. तळ मागं ४-५ इंच आणि पुढं २ इंच असा उतरता ठेवा, त्यानं दोन फुटी टँक पण खोल दिसतो.

दगड आपल्याकडं सगळीकडं आहे, काळा पत्थर, आणि तो टँकला उत्तम. फक्त पोकळ्यांमधे पांढरे खडे असलेला दगड असेल तर तपासा. माझी पद्धत अशी, दगड घासून धुवायचा, कोरडा करायचा आणि पांढऱ्या भागावर लिंबू पिळायचं. मी एकदा कान जवळ नेऊन बघितलं होतं, चुना असलेल्या ठिकाणी अगदी बारीक सर्रर असा आवाज येतो आणि सुईच्या टोकाएवढे बुडबुडे उठतात. तसं झालं तर तो दगड पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करणार, बाजूला ठेवा. साताऱ्याकडचे बरेच जण कासला फिरायला जातात आणि तिथला लालसर जांभा दगड गाडीत टाकून आणावा वाटतो, कृपा करून नका आणू. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथल्या त्या दगडावरच्या बोटभर मातीत ती सगळी फुलं उगवतात. टँकसाठी बांधकामावरचा काळा पत्थर चालतो, वर सांगितल्यासारखा तपासून.

लाकूड टाकायचं तर दुकानातलं ड्रिफ्टवूड घ्या, आठवडाभर भिजत ठेवा. पाणी तपकिरी होतं, त्यानं काही नुकसान नाही. टाकल्यावर पंधरा दिवस त्याच्यावर पांढरी जेलीसारखी बुरशी येते, ती आपोआप जाते.

झाडांची निवड हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. नवख्यानं पहिल्यांदा हायग्रोफिला, व्हॅलिस्नेरिया, जावा फर्न, ॲन्युबियस, क्रिप्ट आणि जावा मॉस एवढंच घ्यावं. यातला हायग्रोफिला आणि व्हॅलिस्नेरिया आपल्या देशातल्या ओढ्या-तळ्यात उगवतात. बकोपा म्हणून जे विकतात त्यातला एक प्रकार म्हणजे आपली ब्राह्मीच, पाण्याखाली सावकाश पण सरळ उभी वाढते. सुरुवातीला झाडं भरपूर लावा, तळाचा अर्ध्याहून जास्त भाग झाकला पाहिजे. एवढा खर्च एकदम कशाला असं वाटतं, पण झाडांनी खाल्लं नाही ते शेवाळ खाणार, जागा रिकामी ठेवली की तण येतं तसं.

ॲन्युबियस आणि जावा फर्नचा आडवा जाडसर खोड असतो, आल्याच्या कुडीसारखा, तो मातीत गाडला की सडतो, त्याला दोऱ्यानं दगडाला नाहीतर लाकडाला बांधायचं. हायग्रोफिलासारखी उभी वाढणारी झाडं मात्र एक एक काडी वेगळी लावायची. खालची दोन पानं तोडायची, काडीचं टोक लांब चिमट्यात तिरपं धरायचं, वाळूत दीड इंच खुपसायचं आणि चिमटा उघडून जरासा हलवत वर काढायचा, सरळ ओढला की काडी पण वर येते. पहिल्या दिवशी वीस काड्या लावायला मला दोन तास लागले होते, अर्ध्या तरंगून वर आल्या. टँक पूर्ण न भरता चार बोटं पाण्यात लावलं तर हे खूप सोपं जातं, हे नंतर समजलं.

आणि घाबरू नका, पहिल्या दोन-तीन आठवड्यात जुनी पानं गळतात, विरघळल्यासारखी होतात. नर्सरीत ही झाडं बहुतेक वेळा पाण्याबाहेर, ओल्या हवेत वाढवलेली असतात, त्यांची ती पानं पाण्याखाली कामाची नसतात, झाड ती टाकून देऊन नवीन पानं काढतं. क्रिप्टचं तर नुसतं मूळ उरतं. उपटून फेकू नका, मेलेली पानं कापून काढा आणि थांबा.

लाईट दिवसाला ६ तास, टायमर लावून. पांढरा एलईडी, ६५०० केल्विन लिहिलेला, पुरतो. दोन महिन्यांनी झाडं जोरात आली की ७-८ तास करा. नवीन टँकमधे काचेवर तपकिरी पावडरीसारखा थर येतो, बोटानं पुसला जातो, तो काही आठवड्यात जातो. हिरव्या दोऱ्यांसारखं शेवाळ आलं तर बहुतेक लाईट जास्त झालाय. शेवाळ मारायचं औषध टाकण्यापेक्षा लाईटचा वेळ कमी करा, खाणं कमी करा, पाणी बदला. काळ्या दाढीसारखे केस पानाच्या कडेला आले तर ते हट्टी असतं, ती पानंच कापून टाकलेली बरी.

सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर लागतो का, हा प्रश्न सगळे विचारतात. वरच्या यादीतल्या झाडांना नाही लागत. लाल झाडं आणि पुढं पसरणारी हिरवळ हवी असेल तर लागतो, पण लाईट वाढवला की झाड जास्त सीओटू मागतं आणि जास्त खत पण मागतं, तिन्ही हातात हात घालून चालतात आणि एक चुकलं की शेवाळ. सीओटू जास्त झाला तर मासे गुदमरतात. पहिलं वर्ष त्याच्याशिवाय काढा.

खताच्या बाबतीत सांगलीकर नशीबवान आहेत. झाडांच्या टँकला लागणारं पोटॅशियम नायट्रेट म्हणजे द्राक्षाला, डाळिंबाला ड्रिपमधून सोडतात ते १३-०-४५, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. अर्धा ग्रॅम ५० लिटरला टाकलं तर नायट्रेट ६ पीपीएमनं, म्हणजे लिटरला ६ मिलिग्रॅमनं वाढतं, मासे कमी आणि झाडं जास्त असतील तर आठवड्याला तेवढं पुष्कळ. पण इथं एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा, १९-१९-१९ हे खत टाकू नका. त्यात युरिया आणि अमोनियाच्या रूपातला नत्र असतो, रानात ठीक, टँकमधे मासे मारेल. फवारणीवरून आला असाल तर कोपरापर्यंत साबणानं हात धुतल्याशिवाय टँकमधे हात घालू नका. बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदातलं तांबं झिंग्यांना आणि गोगलगायींना अगदी थोडं पण सहन होत नाही, कीटकनाशक तर विचारूच नका. मामा माझ्या टँकला हात लावत नाही, लांबूनच बोट दाखवतो, तो हे जाणून आहे.

एप्रिल-मे मधे आपल्याकडं पारा ३८-४० ला जातो आणि टँकचं पाणी ३१-३२ ला. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० डिग्रीला साडेसातच, म्हणजे गरम पाण्यात माशाला दम लवकर लागतो. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनानं २-३ डिग्री उतरतात, माठाचंच तत्त्व. त्यानं रोज पाणी उडतं, ती भर आरओच्या पाण्यानं घाला, कारण वाफ होऊन पाणी जातं, क्षार मागंच राहतात. वळवाचा पाऊस आला की लाईट जाते, त्यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात ठेवाच, फिल्टर बरेच तास बंद राहिला तर आतले जीवाणू ऑक्सिजनअभावी मरायला लागतात. बाकी आठवड्याचं काम एवढंच, चौथा हिस्सा पाणी बदलायचं, काच पुसायची, वाढलेलं कापायचं.

आता रीस्केप. म्हणजे चालू टँकची मांडणी मोडून परत नवीन मांडायची. वर्ष-दीड वर्षात याची वेळ येतेच, मागची झाडं पुढं येतात, व्हॅलिस्नेरिया जमिनीखालून धुमारे टाकत सगळा टँक व्यापते, दगड दिसेनासे होतात. किंवा कुणाचा तरी सुंदर टँक बघून आपल्यालाही तसं करावंसं वाटतं. जपानचे ताकाशी आमानो, १९५४ ते २०१५, मूळचे फोटोग्राफर, त्यांनी टँकमधे डोंगर, रान, कुरण असा निसर्ग उभा करायची पद्धत जगभर नेली. नुसत्या दगडांची इवागुमी मांडणी म्हणतात ती त्यांच्यामुळंच एवढी पसरली, त्यात दगड विषम संख्येत, सगळ्यात मोठा मध्यभागी न ठेवता एका बाजूला थोडा तिरपा, बाकीचे त्याच्याकडं झुकलेले. मला ती बघताना सज्जनगडाच्या पायथ्याचा काळा कातळ आठवतो.

माझा पहिला रीस्केप मी दिवाळीच्या साफसफाईत केला. घर धुतोय तर टँक पण धुवून काढू असं ठरवलं. मासे बादलीत काढले, सगळं पाणी ओतून दिलं, वाळू नळाखाली धुतली, फिल्टरचा स्पंज तर पांढरा होईपर्यंत नळाच्या धारेखाली पिळला, नवीन पाणी भरलं आणि मासे परत सोडले. टँक इतका चकाचक झाला होता की आईनं शेजारच्यांना बोलावून दाखवला. पाच दिवसात अकरापैकी आठ मासे गेले. भाऊबीजेच्या दिवशी ते कुंडीत पुरताना फार वाईट वाटलं, कारण त्यांना मारणारा मीच होतो आणि मला तेव्हा कळत पण नव्हतं कसं. दीड वर्ष मुरलेला टँक मी एका दुपारी क्लोरीनच्या पाण्यानं धुवून टाकला होता. माशांची संख्या तीच, पण त्यांची घाण खाणारं कुणी उरलंच नाही.

त्यामुळं रीस्केपचा एकच नियम मी धरून चालतो, मुरलेलं आहे ते ओलं आणि जिवंत राहिलं पाहिजे. मांडणी कितीही बदला, फिल्टरला त्या दिवशी हात नाही. या जानेवारीत मी परत केला तेव्हा खालचा पोरगा मदतीला होता. आम्ही थंडीचे दिवस मुद्दाम निवडले, उन्हाळ्यात मासे आधीच दमलेले असतात आणि पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी. दोन दिवस आधी दोन मोठ्या बादल्या नळाचं पाणी भरून ठेवलं. त्या दिवशी सकाळी माशांना खायला दिलं नाही. पहिल्यांदा टँकचंच स्वच्छ पाणी नळीनं एका टबात घेतलं, मासे त्यात, वर ताट झाकलं आणि फिल्टर टँकमधून काढून त्याच टबात चालू करून दिला. दिवसभर तो बंद पडू दिला नाही.

मग झाडं काढली. मोठ्या मुळांची झाडं सरळ ओढली तर खालची सगळी माती वर येते, म्हणून बुडाशी दोन बोटं दाबून हळूहळू सैल करायची, किंवा मुळं कात्रीनं आत कापून वरचंच झाड घ्यायचं. जुन्या तळात खोलवर हवा पोचत नाही, तिथं सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू साठतो आणि वर्षभराची घाण दडलेली असते, तळ ढवळला की ती सगळी एकदम पाण्यात. आम्ही अर्धाच टँक बदलायचा ठरवला होता, डावी बाजू तशीच ठेवली, उजवीकडचा तळ पाणी उपसून झाल्यावर कपानं उचलून काढला. पोरगं म्हणालं, "दादा, हे काळं काळं धुवून परत टाकू का?" मी म्हटलं नको, हे आईच्या गुलाबाला घाल. नवीन वाळू घातली, मोठा दगड तिसऱ्या हिश्श्यावर रोवला, बुडाचा तीन बोटं भाग आत गेला पाहिजे, वर नुसता ठेवलेला दगड ठेवल्यासारखाच दिसतो. झाडं सुकू नयेत म्हणून सारखं पाण्याचा स्प्रे मारत होतो, दहा मिनिटं उघडी राहिली तरी पानं कागदासारखी होतात. लावणी झाल्यावर एक प्लास्टिकची पिशवी तळावर पसरली, तिच्यावर बारीक धारेनं पाणी सोडलं म्हणजे वाळू उडत नाही, निम्मं जुनं पाणी आणि निम्मं ठेवलेलं. मग फिल्टर परत, तापमान सारखं झाल्यावर मासे परत.

पुढचे दहा दिवस दर दोन दिवसांनी अमोनिया मोजला. चौथ्या दिवशी हलका हिरवा रंग दिसला म्हणजे थोडा आला होता, लगेच तिसरा हिस्सा पाणी बदललं आणि खाणं एक दिवसाआड केलं, आठव्या दिवशी परत पिवळा, म्हणजे शून्य. एकही मासा गेला नाही. फिल्टरचा स्पंज तीन आठवड्यांनी काढला, तोही टँकच्या पाण्याच्या बादलीत दोनदाच हलका दाबला, पाणी तपकिरी झालं, स्पंज तपकिरीच राहिला, आणि तसाच परत बसवला.

कापून उरलेली झाडं काळ्या खणीत (आमच्या सांगलीतलं तळं) किंवा कृष्णेत टाकू नका, मासे पण सोडू नका. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, शोभेचं झाड म्हणून हौसेनं देशोदेशी नेली गेली आणि आज ती नद्यांचा गळा आवळून बसलीय. उरलेलं गच्चीवर उन्हात वाळवा आणि कुंडीत घाला. आमच्याकडं एवढी कापलेली हायग्रोफिला निघाली की निम्मी पिशवी खाली पोराच्या टँकमधे गेली, सोबत माझ्या स्पंजाचा एक तुकडा. दिवाळीपासून त्यानं टँक रिकामा चालू ठेवला होता, फेब्रुवारीत पाच नर गप्पी आणले. परवा दुपारी चारच्या सुमारास हाक मारून बोलावलं, पानांच्या खालून ऑक्सिजनचे मोहरीएवढे बुडबुडे सुटून एकामागोमाग एक वर जात होते, आणि गप्पी त्या बुडबुड्यांना खाणं समजून टिपायला बघत होते.